धोरणात आकडा लिहावा का? उद्याच्या इंटरनेटविषयी वाचकांचे प्रश्न

इंटरनेटच्या जाळ्यांसाठी पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं धोरण कसं आखावं, यावर आम्ही प्रश्न मागवले होते. मसुदा समित्यांवरचे सदस्य, रस्ते अभियंते, छोटे सेवापुरवठादार, ग्राहक संघटना अशा बऱ्याच जणांनी लिहिलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमच्या समितीला दहा वर्षांचा आराखडा करायचा आहे. ‘प्रत्येक घराला अमुक मेगाबिट’ असं उद्दिष्ट ठेवावं असा सूर आहे. आकडा किती ठेवावा? (मसुदा समितीच्या एक सदस्या)

आकडा ठेवा, पण कलमात नको, परिशिष्टात ठेवा. कलमात लिहायचं ते एवढंच, की हा आकडा कोण बदलणार, किती काळाने बदलणार आणि कशाच्या आधारे. आकडे फार लवकर शिळे होतात. फिनलंडने १ जुलै २०१० पासून सेकंदाला १ मेगाबिटची जोडणी हा नागरिकांचा कायदेशीर हक्क ठरवला, तेव्हा जगभर वाहवा झाली. आज तेवढ्यात घरातल्या दोघांचे व्हिडिओ कॉल एकाच वेळी धड होणार नाहीत. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या २५ मेगाबिट डाउनलोड आणि ३ मेगाबिट अपलोड अशी केली. ती १०० आणि २० व्हायला २०२४ उजाडलं. तोवर जी योजना ही व्याख्या धरून चालत होती, तिच्या लेखी २५ मिळणाऱ्या घराची सोय झालेली होती.

युरोपीय संघाने २०१८ च्या इलेक्ट्रॉनिक संचार संहितेत वेगळी वाट धरली. तिच्या परिशिष्टात ११ सेवांची यादी आहे : ई-मेल, बँकिंग, सरकारी सेवा, नोकरीचा शोध, साध्या दर्जाचा व्हिडिओ कॉल वगैरे. जोडणीवर एवढं सगळं नीट चाललं पाहिजे आणि त्यासाठी लागणारी गती प्रत्येक देशाने ठरवायची. आमच्या मते ही पद्धत सरस आहे, कारण वापर बदलला की आकडा आपोआप मागून येतो.

दुसरं, गती हे एकच माप नव्हे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असेल तर ५० मिलिसेकंद लागणारच. घरातली जोडणी १ गिगाबिटची केली तरी त्यात फरक पडत नाही. त्याहून त्रासदायक असतो तो भाराखालचा विलंब. राउटर तार जोडून संगणकाला लावा, एक मिनिट पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) पाहा, मग एक मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा पाहा. २० मिलिसेकंदांचे ४०० झाले, तर पॅकेट (डेटाचे तुकडे) राउटरच्या किंवा मोडेमच्या रांगेत साचत आहेत असं समजावं. वर ‘गती’ची चाचणी मात्र उत्तम गुण देते! उपाय महाग नाही. एफक्यू-कोडेलसारखी रांग-व्यवस्था राउटरमध्ये चालू असली की झालं. अनुदानातून वाटल्या जाणाऱ्या राउटरच्या निविदेत ही अट घाला.

मोजणीचे नियमही परिशिष्टातच लिहा. चाचणी तारेवरून घ्यावी. वाय-फायवरून घेतली तर जाळ्याऐवजी घरातल्या भिंतींची मोजणी होते. चाचणीचा सर्व्हर सेवापुरवठादाराच्या स्वतःच्या जाळ्यात नसावा. संध्याकाळी ७ ते ११ या गर्दीच्या वेळेची नोंद वेगळी ठेवावी. आणि सरासरी अजिबात छापू नये. १०० चाचण्यांचे विलंब चढत्या क्रमाने लावून पंच्याण्णवावा आकडा छापावा. ग्राहकाची चिडचिड त्या आकड्यात दिसते, सरासरीत ती विरघळून जाते.

प्रश्न : रस्त्याचं काम निघालं की डक्ट (केबलसाठीची रिकामी नळी) टाकून ठेवा, असं परिपत्रक आलं आहे. आधीच्या दोन रस्त्यांत टाकलेले डक्ट कुणीच वापरले नाहीत. चुकतं कुठे? (रस्ते विभागातील अभियंता)

कल्पना बरोबर आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने हीच दिशा धरली, कारण जाळं उभारण्याच्या खर्चात खोदकाम-बांधकामाचा वाटा काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत जातो. २०२४ मध्ये त्या निर्देशाची जागा थेट लागू होणाऱ्या नियमावलीने घेतली. पण नुसता डक्ट टाकला म्हणजे तो वापरण्याजोगा झाला, असं होत नाही.

नेहमी घडतं ते असं. टोकं बंद न केल्याने गाळ शिरतो. वळण फार तीव्र असतं. ओढताना केबलची वक्रता-त्रिज्या तिच्या व्यासाच्या साधारण २० पट लागते आणि काटकोनी वळणात केबल अडते. चेंबरचं झाकण डांबराखाली गाडलं जातं. दोन रस्त्यांचे डक्ट चौकात एकमेकांना जोडलेलेच नसतात, म्हणजे चौक पुन्हा खोदायचा. आणि शेवटी डक्ट आहे हे कुणाला माहीतच नसतं, कारण नकाशा कंत्राटदाराच्या संगणकात राहिलेला असतो.

म्हणून देयक मंजूर करण्याआधी पाच गोष्टी हातात घ्या. आतल्या व्यासाच्या सुमारे ८० टक्के जाडीची गोळी हवेच्या दाबाने या चेंबरपासून त्या चेंबरपर्यंत आरपार गेल्याची नोंद. दोन्ही टोकांना बूच आणि आत ओढदोरी. डक्टच्या वर साधारण ३० सेंटिमीटरवर इशारापट्टी, तीही माती भरण्याआधीच्या छायाचित्रात दिसणारी. प्रत्येक चेंबर आणि प्रत्येक वळणाचे अक्षांश-रेखांश. आणि ही सगळी माहिती सार्वजनिक नोंदवहीत चढल्याची पावती. गोळी अडकली तर ती कुठे अडकली ते मोजून तेवढाच भाग उघडता येतो. डांबर पडल्यावर तेच काम दसपट जड होतं.

एक मोठा आणि एक राखीव, असे किमान दोन डक्ट ठेवा. मोठ्यात मायक्रोडक्टचा, म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा घातला (बाहेरून १४ मिलिमीटर, आतून १० असे अनेक), तर एकाच डक्टात बऱ्याच कंपन्यांना स्वतंत्र वाट मिळते. आता मालकी. डक्ट सार्वजनिक पैशातून झाला असेल तर तो कुणा एका कंपनीला मक्त्याने देऊ नका. स्टॉकहोमने १९९४ मध्ये स्थापलेली स्टोकॅब ही नगरपालिकेची कंपनी स्वतः ग्राहकांना इंटरनेट विकत नाही. ती न पेटवलेले, म्हणजे टोकांना उपकरणं न जोडलेले तंतू सगळ्यांना समान अटींवर भाड्याने देते. हा वेगळेपणा नियमात लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या अंदाजपत्रकाच्या टंचाईत कुणीतरी ‘एकरकमी भाडं देतो’ म्हणून दाराशी येतंच.

प्रश्न : आमच्याकडे आयपीव्ही-४ या जुन्या पद्धतीचे इंटरनेट-पत्ते पुरेसे आहेत. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीसाठी सरकारने आग्रह का धरावा? बाजार बघून घेईल. (एका संस्थेचे संगणक विभागप्रमुख)

तुमच्याकडे आहेत, पण तुमच्यानंतर येणाऱ्याकडे नाहीत. आयपीव्ही-४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. युरोप-पश्चिम आशियाच्या नोंदणीसंस्थेकडचा साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपला. नवा सेवापुरवठादार आता एक तर पत्ते विकत घेतो, नाहीतर शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे उभं करतो.

ही दुसरी गोष्ट पोलिसांना जड जाते. संकेतस्थळ आपल्या नोंदीत फक्त आयपी पत्ता लिहितं. पुरवठादार म्हणतो, त्या क्षणी या पत्त्यामागे ६० घरं होती. त्या घरांना वेगळं ओळखता येतं ते उगम-पोर्टवरून, म्हणजे प्रत्येक जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून. सर्व्हरने पत्त्याबरोबर उगम-पोर्ट आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ नोंदवावी, ही शिफारस २०११ पासून आहे. ती पाळायला नोंदीत एका जास्तीच्या रकान्यापुरतं काम आहे, तरी बहुतेक ठिकाणी झालेलं नाही. बेल्जियममध्ये पुरवठादारांनी एका पत्त्यामागे जास्तीत जास्त १६ ग्राहक अशी मर्यादा मान्य केली. तिथे आयपीव्ही-६ चा वापर लवकर वाढला, त्याला हेही एक कारण आहे.

सक्तीचा कायदा करण्यापेक्षा सरकारने ग्राहक म्हणून वागावं. अमेरिकेच्या संघीय कार्यालयांना नोव्हेंबर २०२० च्या आदेशाने सांगितलं गेलं की आर्थिक वर्ष २०२५ अखेर जाळ्यातली किमान ८० टक्के साधनं केवळ आयपीव्ही-६ वर चालावीत. चेक सरकारने तर तारीखच जाहीर केली : ६ जून २०३२ नंतर सरकारी सेवा आयपीव्ही-४ वर मिळणार नाहीत. अशी तारीख दूरची असली तरी चालते. विक्रेत्याला ती खरी वाटली पाहिजे.

निविदेत ‘आयपीव्ही-६ सपोर्ट हवा’ असं लिहू नका. त्यावर सगळे बरोबरची खूण करतात. लिहा, की आयपीव्ही-४ पूर्ण बंद असलेल्या जाळ्यात हे उपकरण खोक्यातून काढून बसवणं, लॉगिन, परवाना सक्रिय करणं, फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलणं, घड्याळ जुळवणं आणि नोंदी पाठवणं एवढं सगळं आमच्यासमोर करून दाखवा. हमखास अडतं ते परवाना आणि फर्मवेअरपाशी, कारण विक्रेत्याचा स्वतःचा सर्व्हर अजून आयपीव्ही-४ वरच असतो.

बसवताना होणाऱ्या तीन चुका :

१. फायरवॉलचे नियम फक्त आयपीव्ही-४ साठी लिहिलेले असतात आणि आयपीव्ही-६ ची वाट सताड उघडी राहते.

२. ‘सुरक्षेसाठी’ आयसीएमपीव्ही-६ (जाळ्यातल्या अडचणींचे निरोप) सरसकट बंद केलं जातं. मग ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि पान अर्धं उघडून लटकतं. लहान पानं उघडतात, मोठी अडकतात असं दिसलं तर आधी हेच तपासा.

३. पुरवठादार घराला पत्त्यांचा एकच /६४ गठ्ठा देतो (रेषेपुढचा आकडा जितका लहान, तितका गठ्ठा मोठा), त्यामुळे पाहुण्यांचं जाळं वेगळं करता येत नाही. घराला /५६ आणि संस्थेला /४८ मागा. पत्ते १२८ बिटांचे आहेत, इथे काटकसरीला अर्थ नाही.

प्रश्न : ५-जीमध्ये ‘स्लाइस’ करून रुग्णवाहिका किंवा कारखान्यासाठी वेगळी वाट देता येते म्हणतात. मग नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या डेटाला समान वागणुकीचा नियम आड येणार नाही का? (कायद्याचा विद्यार्थी)

नियम नीट लिहिला असेल तर नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमावलीत विशेष सेवांना जागा आहे, पण तीन चाळण्या लावून. त्या सेवेला खरोखरच हमीच्या दर्जाची गरज हवी. जाळ्यात तिच्यासाठी क्षमता शिल्लक असावी, सर्वसाधारण इंटरनेटच्या ग्राहकांच्या दर्जातून कापलेली नसावी. आणि ती इंटरनेटचा पर्याय म्हणून विकली जाऊ नये. दूरस्थ क्रेनचं नियंत्रण या चाळणीतून पार होतं. ‘अमुक व्हिडिओ ॲपसाठी वेगवान वाट’ होत नाही. नियामकाने स्लाइस चालू होण्याआधीची आणि नंतरची मोजणी मागावी. कागदावरच्या हमीवर विसंबू नये.

‘या ॲपचा डेटा मोजणार नाही’ अशा योजनांबद्दल युरोपीय न्यायालयाने २ सप्टेंबर २०२१ च्या निकालांत स्पष्टच म्हटलं की व्यापारी कारणाने केलेला असा भेद समान वागणुकीच्या तत्त्वात बसत नाही.

अमेरिकेकडून घ्यायचा धडा वेगळा आहे. तिथे हे नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये गेले, २०२४ मध्ये परत आले आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयात पडले. कारण सगळी इमारत दूरसंचार आयोगाने केलेल्या इंटरनेट-सेवेच्या वर्गीकरणावर उभी होती, संसदेच्या कायद्यावर नव्हे. तत्त्व कायद्यात आणि तपशील नियामकाकडे, अशी विभागणी असावी.

आणखी एक मागणी पुन्हा पुन्हा वर येते : मोठ्या सामग्री कंपन्यांनी जाळ्यांना वाहतुकीचे पैसे द्यावेत. दक्षिण कोरियात २०१६ पासून ‘पाठवणाऱ्याने पैसे भरावेत’ हा नियम जाळ्याजाळ्यांत लागू आहे. परिणाम असा, की लोकप्रिय सामग्री आपल्याकडे ठेवणाऱ्या पुरवठादारालाच भुर्दंड बसतो. ट्विच ही व्हिडिओ सेवा जाळ्याच्या भरमसाट खर्चाचं कारण देऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून बाहेर पडली. हा नियम आणण्याआधी तुमच्या मसुद्यात एक प्रश्न सोडवलेला असावा : ग्राहकाने स्वतःच्या जोडणीचे पैसे भरून मागवलेला डेटा ‘पाठवला’ कुणी?

प्रश्न : एका कंपनीचं जाळं कोसळलं की सगळं ठप्प होतं, आपत्कालीन क्रमांकही लागत नाही. नियमाने हे टाळता येईल? (ग्राहक संघटना)

कोसळणं पूर्ण टाळता येत नाही. ते किती वेळ टिकतं आणि आपत्कालीन कॉल त्यात बुडतो की नाही, हे मात्र नियमाच्या हातात आहे.

दोन उदाहरणं बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं पडलं, १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक तुटले. श्रेणीसुधारणेच्या कामात एका राउटरवरचं मार्गांची गाळणी करणारं फिल्टर काढलं गेलं, मार्गांचा लोंढा गाभ्यातल्या (जाळ्याच्या मध्यवर्ती यंत्रणेतल्या) राउटरवर आला आणि ते बंद पडले. मोबाइल आणि तारेची सेवा दोन्ही त्याच गाभ्यावर. वर राउटर दुरून हाताळण्याचं जाळंही त्यावरच, म्हणून अभियंत्यांना आतच जाता येईना. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑप्टस या कंपनीचे सुमारे ९० राउटर बाहेरून आलेल्या मार्गांची संख्या ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याने स्वतःहून तुटले. काही ठिकाणी माणूस प्रत्यक्ष पाठवावा लागला.

दोन्हीकडे आपत्कालीन कॉलच्या बाबतीत एकच खोच होती. मनोऱ्यांच्या मागचा गाभा मेला होता, पण मनोरे हवेत संकेत सोडतच राहिले. फोनला वाटलं आपलं जाळं जिवंत आहे, आणि त्याने दुसऱ्या कंपनीचं जाळं शोधलंच नाही.

तेव्हा परवान्याच्या अटीत हे हवं : गाभ्याशी संपर्क ठरावीक मिनिटं तुटला की मनोऱ्याने प्रसारण थांबवावं. उपकरणं हाताळण्याची वाट दुसऱ्या कंपनीच्या तारेवरून असावी आणि वर्षातून किमान दोनदा मुख्य वाट बंद करून तिची तालीम व्हावी. दुरुस्ती पथकाकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असावं (रॉजर्सच्या लोकांची एकमेकांना फोन लावतानाच पंचाईत झाली). गाभ्यातल्या राउटरवरचा प्रत्येक बदल असा करावा, की काही मिनिटांत पुष्टी न दिल्यास तो आपोआप मागे फिरेल. आणि कारणमीमांसेचा अहवाल ३० दिवसांत जाहीर व्हावा. गोपनीय अहवाल दुसऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना काहीच शिकवत नाही.

प्रश्न : उपग्रह इंटरनेट आलं. आता समुद्राखालच्या केबलवर खर्च कशाला? (बेटावर राहणारे एक वाचक)

कारण उपग्रह केबलची जागा घेत नाहीत, तिचा विमा उतरवतात. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. प्रश्न-उत्तराच्या एका फेरीत ते अंतर चारदा कापावं लागतं, म्हणजे ४७७ मिलिसेकंद तर नुसते प्रवासात. साधारण ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहांनी हा विलंब संपवला, हे खरंच मोठं काम आहे. पण एका झोताची क्षमता त्याखालच्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. विरळ वस्तीत छान चालतं, दाट वस्तीत नाही. शिवाय उपग्रहाकडून खाली आलेला डेटा भूस्थानकातून पुढे जातो तो तंतूवरूनच.

१५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकात टोंगाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली, ती जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. देशातल्या बेटांना जोडणारी केबल पूर्ववत व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. त्या काळात उपग्रहाने तग धरवला, पण सगळा भार पेलला नाही.

जगभरात वर्षाला १५० ते २०० वेळा केबल बिघडतात, बहुतेक वेळा मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे. जहाज जवळ असलं तरी परवानग्यांत दिवस जातात. म्हणून दुरुस्ती-जहाजाला आगाऊ, वर्षभराची परवानगी द्या. अर्जासाठी एकच कार्यालय ठेवा. दुरुस्तीच्या केबलचे तुकडे सीमाशुल्कात अडकू देऊ नका. ऑस्ट्रेलियाने किनाऱ्यालगत केबल-संरक्षण क्षेत्रं आखून तिथे नांगर टाकायला मनाई केली आहे, न्यूझीलंडमध्ये असा कायदा १९९६ पासून आहे.

आणि ‘आमच्याकडे दोन कंपन्यांच्या वाटा आहेत’ यावर समाधान मानू नका. दोन कंपन्या एकाच केबलमधल्या तंतूंच्या दोन जोड्या विकत असू शकतात. १४ मार्च २०२४ रोजी कोत दिव्हारच्या (आयव्हरी कोस्ट) समुद्रात डब्ल्यूएसीएस, मेनवन, एसीई आणि सॅट-३ या चार केबल एकदम गेल्या, कारण त्या एकाच टापूतून जात होत्या. करारात कंपनीचं नाव नको. समुद्रतळावरचा मार्ग, किनाऱ्याचा बिंदू आणि तिथून शहरापर्यंतचा जमिनीवरचा मार्ग नकाशावर मागा. दोन वाटा बहुधा एकत्र येतात त्या जमिनीवरच, एखाद्या पुलावर.

प्रश्न : राउटिंगच्या, म्हणजे डेटा कोणत्या जाळ्यातून जावा हे ठरवण्याच्या सुरक्षेसाठी सरकार काय करू शकतं? (छोटा सेवापुरवठादार)

आधी स्वतःचं घर. सरकारी पत्त्यांच्या प्रत्येक गठ्ठ्यासाठी आरपीकेआय या प्रमाणपत्र-व्यवस्थेत आरओए नोंदवावा, म्हणजे हा गठ्ठा कोणत्या जाळ्यातून जाहीर होणं वैध आहे याची सही असलेली नोंद. मग सरकारी जोडणी विकणाऱ्याला अट घालावी : अवैध ठरणारे मार्ग तू टाकून दे.

एक सापळा आहे. /२२ चा गठ्ठा जाहीर करत असाल तर आरओएमध्ये कमाल लांबी /२४ लिहून ठेवण्याचा मोह होतो, ‘पुढे लागली तर’ म्हणून. त्यामुळे तुमच्या जाळ्याचा क्रमांक खोटा जोडून कुणीही /२४ चा तुकडा जाहीर करू शकतो आणि तो वैध दिसतो. अधिक नेमका मार्ग जिंकतो हा तर राउटिंगचा नियमच. जे प्रत्यक्ष जाहीर करता तेवढंच लिहा.

संकेतस्थळं बंद करण्याचे आदेशही याच नजरेने तपासावेत. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब अडवण्यासाठी केलेली /२४ ची घोषणा देशाबाहेर निसटली आणि जगातल्या बऱ्याच भागांत यूट्यूब दिसेनासं झालं. आदेशात काय अडवायचं ते असतं, कसं अडवायचं नाही तेही असायला हवं.

प्रश्न : क्वांटम संगणक अजून प्रयोगशाळेत आहेत. धोरणात त्यांची दखल आत्ताच घ्यायची का? (माहिती सुरक्षा अधिकारी)

घ्यायची, कारण आज पकडून साठवलेला सांकेतिक डेटा उद्या क्वांटम संगणकाने उघडता येईल. वैद्यकीय नोंदी किंवा जमिनीच्या वादाची कागदपत्रं वीस वर्षांनीही गुप्त राहायला हवीत, तर मुदत आजपासूनच मोजायला हवी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला टिकणाऱ्या सांकेतिकीकरणाची पहिली तीन मानकं पक्की केली. ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राने टप्पे दिले आहेत : २०२८ पर्यंत शोध आणि आराखडा, २०३१ पर्यंत सर्वांत महत्त्वाच्या यंत्रणा, २०३५ पर्यंत सगळं.

अडचण नेमकी कुठे येते ते पाहा. आज वापरात असलेल्या एक्स-२५५१९ पद्धतीची चावी ३२ बाइटची, नव्या मानकातल्या एमएल-केम-७६८ ची १,१८४ बाइटची. संपर्काचा पहिलाच निरोप एका पॅकेटमध्ये मावत नाही, दोन होतात. ‘पहिला निरोप एकाच पॅकेटमध्ये येतो’ असं गृहीत धरणाऱ्या जुन्या फायरवॉल तो गिळून टाकतात. सह्यांचं तर विचारू नका : आजची ६४ बाइटची सही, नव्या एमएल-डीएसए-४४ ची २,४२० बाइटची. डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) उत्तराला यूडीपी या नेहमीच्या वाटेवर १,२३२ बाइटचीच मर्यादा सुचवलेली आहे.

हा रोग जुना आहे. टीएलएस १.३ हे संकेतस्थळांशी सुरक्षित जोडणीचं मानक २०१८ मध्ये आलं तेव्हा मधल्या तपासणी-पेट्या नवा आवृत्ती-क्रमांक पाहून जोडणी तोडत होत्या. शेवटी मानककर्त्यांनी नव्या आवृत्तीला जुन्या १.२ चा मुखवटा चढवला. म्हणून वाहतुकीत डोकावणाऱ्या पेट्या कायद्याने सक्तीच्या करताना दहादा विचार करा. त्या पेट्या पुढची दहा वर्षं जाळ्याला जागच्या जागी गोठवतात. आणि पहिली पायरी म्हणून कोणती प्रणाली कोणती चावी कुठे वापरते याची यादी करा. यादीत सर्वांत उशिरा सापडतात ती उद्वाहनं, मीटर आणि छपाईयंत्रं.

प्रश्न : तांब्याच्या तारा आणि ३-जी बंद करण्याची तारीख ठरवताना काय पाहावं? (नियामक कार्यालयातील वाचक)

त्या जाळ्यावर माणसांखेरीज काय काय लटकलेलं आहे ते. ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ मध्ये बंद करायचं ठरवलं होतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची मदत-बटणं त्या तारांवर असल्याने मुदत जानेवारी २०२७ पर्यंत गेली. युरोपात मार्च २०१८ पासून नव्या मोटारींच्या नमुन्यांत सक्तीची झालेली अपघात-कॉल यंत्रणा २-जी आणि ३-जीवर चालण्यासाठी बनवली होती आणि मोटार तर पंधरा वर्षं रस्त्यावर असते. ऑस्ट्रेलियात ३-जी बंद करताना कळलं की काही ४-जी फोन आपत्कालीन कॉल मात्र ३-जीवरूनच लावतात. बंद करण्याची तारीख ऑक्टोबर २०२४ अखेरपर्यंत पुढे ढकलावी लागली.

विजेचा हिशोबही वेगळा आहे. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्सचेंजमधून मिळायची. तंतूच्या जोडणीत घरातल्या पेटीला वीज लागते. ब्रिटनमध्ये तंतूवरच अवलंबून असलेल्या ग्राहकांसाठी किमान एक तास टिकणारी सोय अपेक्षित आहे. आम्हाला एक तास कमीच वाटतो. वादळात वीज एका तासात परत येत नाही.

प्रश्न : मसुद्यावर हरकती मागवतात, पण आमच्या हरकतींचा उपयोग होतो का? (नागरिक गट)

सही केलेलं एकच पत्र हजार जणांनी पाठवलं तर ते बहुधा एकच हरकत म्हणून मोजलं जातं. त्यापेक्षा चार पानांचं एक पत्र लिहा. कलमाचा क्रमांक, त्यातला अडचणीचा शब्द, त्यामुळे कुणाचं काय अडेल आणि त्या जागी टाकायचं वाक्य जसंच्या तसं. मसुदा लिहिणाऱ्याला तयार वाक्य मिळालं की ते उचललं जाण्याची शक्यता वाढते. सोबत मोजणी जोडा : किमान दोन आठवडे, दर तासाला एक चाचणी, तारेवरून, गर्दीच्या वेळेसह. आलेख देऊ नका असं नाही, पण कच्च्या नोंदींची फाइल जरूर द्या, म्हणजे कंपनीचा आकडा आणि तुमचा आकडा तिसऱ्याला ताडून पाहता येतो. आणि परिशिष्टांवर हरकती नोंदवायला विसरू नका. बहुतेक लोक कलमांपाशी थांबतात. मुदती, मोजमाप आणि सवलती मात्र परिशिष्टातच असतात.